प्लंबिंगच्या कामानंतर नळाला पाणी येईनासे झाले तर काय करावे

पुण्यातील एका जुन्या चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आमचे घर आहे. गेल्या वर्षी आम्ही न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नव्याने करून घेतले, गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे) पाइप टाकले, आणि ज्या संध्याकाळी प्लंबरने काम संपल्याचे सांगून सामान आवरले, त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातील नळ कोरडा पडला, बेसिनच्या नळाला करंगळीएवढी धार राहिली आणि गीझरच्या बाजूने एक थेंबही येईना. दुसऱ्या दिवशी बोलावलेल्या दुसऱ्या कारागिराने भिंतीवर हात फिरवून नव्या टाइल्स फोडाव्या लागतील असे सांगितले. त्या एकाही टाइलला हात न लावता तीन दिवसांत तिन्ही ठिकाणचे पाणी परत आले, आणि तिन्ही ठिकाणी कारण वेगवेगळे निघाले. एकच बिघाड शोधत राहिल्यामुळे आमचा पहिला दिवस पूर्ण वाया गेला होता.

हा लेख गच्चीवरच्या टाकीतून पाणी मिळणाऱ्या सदनिका आणि बंगले यांच्यासाठी आहे. काम होण्याआधी पाणी नीट येत होते आणि कामानंतर थांबले, एवढे गृहीत धरून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. त्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात, कारण पहिल्या चार पायऱ्यांना पैसा लागत नाही आणि बहुतेक घरांचे काम तेवढ्यात होते.

हाताशी ठेवायच्या वस्तू आणि कागद

एक ॲडजस्टेबल पाना, एक पक्कड, चपटा आणि चौफुली असे दोन स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेपची दोन रिळे, अर्ध्या इंची रबरी वॉशर, जुना दात घासण्याचा ब्रश, बॅटरी, दोन बादल्या, जाड फडके आणि सुमारे एक मीटर पारदर्शक नळी एवढे साहित्य पुरते. नव्या क्रोम नळावर पाना लावताना मध्ये फडके धरावे, नाहीतर चकाकीवर कायमचे ओरखडे उठतात.

कागदांमध्ये प्लंबरचे बिल, नवे नळ आणि गीझर यांची वॉरंटी कार्डे, सोसायटीकडून घेतलेली कामाची परवानगी आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे टाइल्स बसण्यापूर्वी काढलेले भिंतींचे फोटो. हे फोटो नसतील तर प्लंबरच्या किंवा टाइल बसवणाऱ्या कारागिराच्या फोनमध्ये आहेत का, हे आजच विचारावे, कारण पाइप भिंतीतून कुठून कसा गेला आहे हे नंतर कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

१. कशालाही हात लावण्याआधी नोंद करा

सर्वप्रथम गीझरचे बटण बंद करा आणि घरातील सर्वांना तसे सांगून ठेवा. गीझरच्या आत पाणी नसताना तो चालू झाला तर आतील कॉइल जळू शकते, आणि पाणी येत नसताना सवयीने ते बटण दाबणारे कोणी ना कोणी घरात असतेच.

त्यानंतर वही घेऊन घरातील प्रत्येक नळाची एक ओळ लिहा: थंड येते का, गरम येते का, धार कशी आहे, सुरुवातीला थोडे येऊन थांबते का, नळातून फुस् असा आवाज येतो का. फ्लशची टाकी, वॉशिंग मशीनचा नळ आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राकडे जाणारा फाटा यांनाही या यादीत घ्या, कारण ते बहुधा विसरले जातात.

ही यादी निम्मे उत्तर देते. घरभर पाणी नसेल तर कारण घराबाहेर किंवा मुख्य व्हॉल्व्हपाशी आहे. एका खोलीत नसेल तर त्या खोलीच्या फाट्यात आहे. एकाच नळाला नसेल तर तो नळ, त्याखालचा कनेक्शन पाइप किंवा अँगल कॉक (नळाखाली भिंतीला बसवलेला छोटा कॉक) यांपैकी कशात तरी आहे. थंड येते पण गरम येत नसेल तर गीझरला जोडलेले पाइप तपासा. आणि अशी दोन-तीन चिन्हे एकाच वेळी दिसत असतील, तर दोन-तीन स्वतंत्र बिघाड आहेत असे धरून प्रत्येक नळाचा वेगळा तपास करा.

२. पाणी इमारतीत आहे का, हे पाहा

घरात नुकतेच काम झालेले असले की सर्व संशय त्या कामावर जातो, आणि प्रत्यक्षात टाकीच रिकामी असते. पुण्यात महापालिका दुरुस्तीच्या कामांसाठी बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि दुसऱ्या दिवशीही ते उशिरा आणि कमी दाबाने येते. तुमच्या शहरातील असा वार कोणता आहे ते आधी तपासा. मग तुमच्याच रेषेत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही पाणी नसेल तर प्रश्न गच्चीवरचा आहे.

टाकीचे झाकण उघडून पातळी डोळ्यांनी पाहा. टाकी रिकामी असेल आणि पंप चालू करूनही भरत नसेल, तर कामाच्या वेळी जमिनीखालची टाकी उपसली गेली होती का, हे विचारा. तसे झाले असल्यास पंपाच्या शोषण पाइपात हवा शिरलेली असते आणि पंप नुसताच फिरतो. असा कोरडा पंप एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, त्याचे सील खराब होते. वीज मुख्य बटणापाशी बंद करून, पंपाच्या वरचा प्लग उघडून त्यात काठोकाठ पाणी भरावे आणि मगच पुन्हा चालू करावा. ओल्या हातांनी हे काम करू नये. टाकीत उतरण्याची वेळ आली तर एकट्याने मुळीच उतरू नये.

३. सगळे व्हॉल्व्ह शोधा आणि त्यांची दिशा वाचा

गच्चीवर टाकीखाली एकापेक्षा जास्त पाइप खाली उतरताना दिसतील. त्यांना प्लंबर डाउनटेक म्हणतात. बऱ्याच इमारतींमध्ये न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि फ्लश यांचे डाउनटेक वेगळे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. काम करताना प्लंबरने दोन बंद केलेले असतात आणि जाताना एक उघडायचा राहतो, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

चपट्या दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडा पाइपाच्या दिशेने असताना उघडा आणि पाइपाला आडवा असताना बंद, असे सरळ वाचता येते. गोल चाकाच्या जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हचे मात्र तसे नाही. तो वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहिलेला असतो, कामासाठी जोर लावून बंद केला जातो, आणि उघडताना आतील पाचर दांड्यापासून सुटून खालीच अडकून बसते. वरून चाक फिरते, उघडल्यासारखे वाटते, आणि पाणी येत नाही. चाक थांबण्याच्या जागी न थांबता हलकेच फिरत राहिले, किंवा उघडून झाल्यावर पाइपातून वाहत्या पाण्याची सळसळ ऐकू आली नाही, तर हाच संशय धरावा. हा व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलणे योग्य. त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते, म्हणून सोसायटीला आदल्या दिवशी कळवावे.

घरात शिरल्यावर लागणारा मुख्य व्हॉल्व्ह, न्हाणीघराच्या भिंतीतील कन्सील्ड स्टॉप कॉक, प्रत्येक नळाखालचे अँगल कॉक आणि गीझरच्या तोंडाशी असलेला कॉक यांचीही अशीच फेरी करा. नव्या कन्सील्ड कॉकवर मूठ बसवताना ती आतील दांड्यावर नीट बसली नाही तर मूठ फिरते आणि दांडा जागेवरच राहतो. मूठ काढून पक्कडीने दांडा हलकेच फिरवून पाहिला की हे लगेच कळते.

स्वतंत्र बंगला असेल आणि पाणी थेट महापालिकेच्या जोडणीवरून येत असेल, तर मीटरच्या आधीचा कॉक पाहा. मीटरच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबणेही शक्य असते, पण मीटरचे सील स्वतः तोडू नका. त्यासाठी पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार नोंदवून परवानाधारक प्लंबरकडूनच ते काम करून घ्या.

४. पाणी कुठवर येते ते बादली लावून ठरवा

व्हॉल्व्ह सगळे उघडे आहेत आणि तरी एखादा नळ कोरडा आहे, अशा वेळी तो नळ उघडझाप करत राहू नका. त्याच्या खालचा अँगल कॉक बंद करा, नळाकडे जाणारा जाळीदार कनेक्शन पाइप नळाच्या बाजूने सोडवा, त्याचे मोकळे टोक बादलीत धरा आणि कॉक सावकाश उघडा.

जोराची धार आली तर भिंतीतील पाइप निर्दोष आहे आणि बिघाड नळात आहे. धार आली नाही तर कॉक बंद करून कनेक्शन पाइपही काढा आणि थेट कॉकच्या तोंडाला बादली लावून पुन्हा पाहा. आता आली तर कनेक्शन पाइप दोषी: त्याच्यात दोन वॉशर एकावर एक बसले आहेत, किंवा तो नट आवळताना आतून पिळला गेला आहे. तरीही आली नाही तर अडथळा कॉकमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने शोधायची जागा हातभर लांबीवर येते, आणि टाइल्स फोडण्याचा सल्ला देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की ही चाचणी त्याने केली आहे का.

५. पाइपात हवा अडकली आहे का

टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडे, कचरा नाही, आणि तरी पाणी येत नाही, याचे कारण पुष्कळदा हवा असते. प्लंबर याला 'एअर धरली' असे म्हणतात. काम करताना पाइप रिकामे होतात आणि पुन्हा भरताना पाइपाच्या उंच भागात हवेचा कप्पा राहून जातो. पंपाच्या दाबावर चालणाऱ्या जोडणीत हा कप्पा सहज ढकलला जातो. गच्चीवरच्या टाकीच्या दाबाला ते नेहमीच जमत नाही, कारण हा दाब फारच थोडा असतो. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब देतो. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर तेवढा दाब मिळतो, पण वरच्या मजल्यावरील शॉवरच्या तोंडाशी टाकीची पातळी जेमतेम २ मीटर उंच असते, म्हणजे दाब उरतो ०.२ किलो. म्हणून हवा धरण्याचा त्रास वरच्या मजल्यांना जास्त होतो.

आमच्या स्वयंपाकघराचे उदाहरण आकड्यांसह देतो, कारण ते समजले की आपल्या घरातील पाइपाचा मार्ग कसा तपासावा हे आपोआप समजते. जुना पाइप जमिनीलगत सरळ जात होता. नवा पाइप न्हाणीघराच्या दारावरून आणि मग स्वयंपाकघराच्या दारावरून असा दोनदा वर चढून दोनदा खाली उतरला. दाराच्या वर त्याची उंची २.२ मीटर, दोन दारांच्या मध्ये आणि सिंकखाली ०.५ मीटर, आणि सिंकच्या नळापाशी १.१ मीटर. त्या संध्याकाळी टाकीत पाणी तळाशीच होते, म्हणजे आमच्या जमिनीपासून साधारण ४ मीटर उंचीवर. पहिल्या दारावर पोहोचेपर्यंत जोर उरला १.८ मीटरचा. पुढच्या उतारात हवा होती, आणि हवेला वजन जवळजवळ नसल्यामुळे खाली उतरताना गेलेला जोर परत मिळाला नाही. दुसऱ्या दारावर चढायला १.७ मीटर खर्च झाले, उरला ०.१ मीटर, आणि शेवटी नळापर्यंत चढायला हवे होते ०.६ मीटर. पाणी तिथेच थांबले. पाइप फुटलेला नव्हता, तुंबलेला नव्हता आणि जोडही नीट होते.

यावरील पहिला उपाय या हिशेबातूनच निघतो: टाकी काठोकाठ भरू द्या. टाकीतील पातळी १ मीटरने वाढली की जोरही तेवढाच वाढतो. टाकी भरल्यावर घरातील बाकीचे सर्व नळ बंद ठेवून कोरडा नळ पूर्ण उघडा, त्याची तोंडाची जाळी आधी काढून ठेवा, आणि त्या फाट्यावर आणखी खाली एखादा नळ असेल तर तोही उघडा. सुरुवातीला नळ गुरगुरतो, हवा आणि पाणी आळीपाळीने फेकतो, आणि मग अचानक सलग धार लागते. धार लागल्यावर लगेच बंद न करता पाच-दहा मिनिटे वाहू द्या, पाणी बादल्यांत धरून ठेवा, म्हणजे कोपऱ्यात राहिलेले बुडबुडेही निघून जातात.

तेवढ्याने भागले नाही तर पाइपाच्या सर्वांत उंच जागेवरून हवा सोडावी लागते. तिथे युनियन (नट फिरवून उघडता येणारा जोड) असेल तर तिचा नट अर्धा फेरा सैल करावा. आधी हवेचा सूऽऽ असा आवाज येतो, मग फेसाळ पाणी, मग स्वच्छ पाणी, आणि तेव्हा नट पुन्हा आवळावा. आमच्याकडे दोन्ही दारांवर एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिच्या वरच्या तोंडाला अर्ध्या इंची छोटा कॉक लावून घेतला. टाकी धुतल्यानंतर आता दोन मिनिटे स्टुलावर चढून ते दोन कॉक उघडले की काम होते. ज्यांचे काम अजून चालू आहे त्यांनी मात्र प्लंबरला पाइप दारावरून नेऊच देऊ नये. चार फूट पाइप जास्त लागला तरी चालेल, पण टाकीपासून नळापर्यंतची वाट सतत उतरती राहावी.

एक उलटा उपायही वापरला जातो. घरात थेट महापालिकेच्या दाबावर चालणारा नळ असेल तर त्याला आणि कोरड्या नळाला नळीने जोडून पाणी उलट दिशेने टाकीकडे ढकलायचे, आणि गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाने टाकीत बुडबुडे येतात का ते पाहायचे. हा उपाय लागू पडतो, पण नळी जोडलेली असताना बाहेरचा दाब गेला तर टाकीचे पाणी मुख्य वाहिनीत ओढले जाऊ शकते. म्हणून तो जाणकार प्लंबरकडून, सोसायटीला सांगून, दोन-तीन मिनिटांपुरताच करावा आणि नळी लगेच काढावी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याची वाहिनी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला कधीही जोडू नये. आणि नळीला तोंड लावून पाणी ओढण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये.

गच्चीवर टाकीच्या व्हॉल्व्हनंतर पाइपातून सरळ वर उभी गेलेली, टाकीच्या काठापेक्षा उंच अशी एक उघडी नळी असते. तिला एअर पाइप म्हणतात. ती शोभत नाही किंवा कधीतरी तिच्यातून पाणी उडते म्हणून काही वेळा तिला बूच मारले जाते, आणि मग दर वेळी टाकी धुतली की संपूर्ण रेषेत हवा धरते. ती उघडी आहे ना, हे पाहून या.

६. पाइपात कचरा गेला आहे का

सीपीव्हीसी पाइप आरीने कापला की त्याचा पिवळट कीस आत पडतो. आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे धागे सुटतात. जोडाला सोल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवण्याचा द्रव) जास्त लावले तर ते आत ओघळून घट्ट होते आणि पाइपाचे तोंड अरुंद करते. पीपीआर हा दुसऱ्या प्रकारचा प्लास्टिकचा पाइप यंत्राने सुमारे २६० अंश सेल्सिअस तापवून जोडतात. तो जास्त वेळ तापवला किंवा फिटिंगमध्ये जास्त खोल दाबला तर वितळलेले प्लास्टिक आत गोळा होते, आणि असा जोड साफ करता येत नाही, कापूनच काढावा लागतो. जिथे नवा पाइप जुन्या जीआय पाइपाला जोडला आहे, तिथे ठोकाठोकीने जुन्या पाइपाच्या आतील गंजाचे पापुद्रे सुटून पुढच्या पहिल्या एल्बोत किंवा कॉकमध्ये येऊन बसतात. त्यामुळे काम एका घरात होते आणि नळ खालच्या घरातला तुंबतो.

हा सगळा कचरा नळाच्या तोंडाच्या जाळीत जमतो, म्हणून सुरुवात तिथून करा. जाळी हाताने किंवा फडके धरून पक्कडीने फिरवून काढा, उलटी करून धुवा, ब्रशने घासा. मिक्सर नळ असेल तर त्यातील कार्ट्रिज (मुठीखालचा पाणी उघडझाप करणारा भाग), शॉवरच्या डायव्हर्टरची (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकची) आतील छिद्रे, वॉशिंग मशीनच्या नळीच्या तोंडाची छोटी जाळी आणि हेल्थ फॉसेटचे (संडासातील हातात धरायच्या फवाऱ्याचे) डोके पाहा. कार्ट्रिज काढण्यापूर्वी पाणी बंद करा आणि मोरीच्या तोंडावर फडके टाका, बारीक स्क्रू तिथेच पडतात.

आमच्या बेसिनच्या फाट्यावर चौथ्या पायरीतील चाचणी केली तेव्हा अँगल कॉकमधूनही तीच करंगळीएवढी धार आली. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून कॉक भिंतीतून फिरवून काढला आणि छिद्रात बॅटरी मारली, तर दोन इंच आत काहीतरी तपकिरी दिसले. वाकड्या तोंडाच्या चिमट्याने ते ओढून काढले. तो सिमेंटच्या गोणीच्या कागदाचा पिळून केलेला, बोटाएवढा, भिजून फुगलेला बोळा होता. टाइल बसवताना पाइपात सिमेंटचे पाणी जाऊ नये म्हणून कारागीर तोंडात असा बोळा घालतात, ते योग्यच करतात, पण तो काढण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसते आणि प्लंबर त्याच्यावरच एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवणारा जोडतुकडा) आणि कॉक चढवून मोकळा होतो. काहींच्या घरी बोळ्याऐवजी दाबाच्या चाचणीसाठी लावलेला प्लास्टिकचा डमी प्लग एखाद्या तोंडाला तसाच राहिलेला सापडतो. कॉक परत बसवण्यापूर्वी भिंतीच्या तोंडाला बादली धरून मुख्य व्हॉल्व्ह क्षणभर उघडा, म्हणजे मागे राहिलेला कचरा जोराने बाहेर पडतो.

इथे दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. तुंबलेल्या पाण्याच्या पाइपात ॲसिड किंवा मोरी साफ करण्याची पावडर घालू नका. हेच पाणी तुम्ही पिणार आहात. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून पाइप मोकळा करतो असे कोणी म्हणाले तर सीपीव्हीसी पाइपावर ते करू देऊ नका. दाबलेल्या हवेने हा पाइप फुटला तर त्याचे तुकडे उडतात.

७. थंड येते, पण गरम येत नाही

गीझरमधून गरम पाणी तेव्हाच बाहेर येते, जेव्हा मागून थंड पाणी आत शिरते. त्यामुळे गरम बाजूला पाणी नसेल तर गीझरच्या थंड तोंडापासून सुरुवात करा. निळी खूण आत जाण्याची आणि लाल खूण बाहेर येण्याची असते. दोन्ही पाइप अदलाबदल झाले आहेत का ते पाहा. थंड तोंडावर बसवलेल्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवर) बाणाची खूण कोरलेली असते आणि तो बाण गीझरकडे असायला हवा. आमच्याकडे तो उलटा बसवला गेला होता. बाण बोटाच्या नखाएवढा, पितळावर पितळाच्याच रंगाचा, आणि भिंतीच्या बाजूला वळलेला होता. आरसा धरल्यावर दिसला. वीज बंद आहे याची खात्री करून तो फिरवून बसवल्यावर दहा मिनिटांत गरम बाजूला धार आली. गरम नळातून सलग पाणी येऊ लागल्याशिवाय गीझर चालू करू नये.

८. पाणी दुसरीकडे तर जात नाही ना

काम संपल्यावर आरसा, टॉवेलची दांडी किंवा कपाट बसवण्यासाठी भिंतीत ड्रिल केले असेल आणि त्यानंतर धार कमी झाली असेल, तर भोक पाइपात गेले असण्याची शक्यता गंभीरपणे घ्या. घरातील सर्व नळ बंद करून कन्सील्ड कॉकला कान लावा, खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली आहे का ते विचारा, आणि पाण्याला मीटर असेल तर सर्व नळ बंद असताना त्याचा काटा फिरतो का ते पाहा. यापैकी काहीही आढळले तर मुख्य व्हॉल्व्ह तत्काळ बंद करा. भिंत उघडण्याचे रास्त कारण बहुधा हे एवढेच असते, आणि तेव्हाही फोटो पाहून, भोकाभोवतीच्या दोन-तीन टाइल्सपुरतीच ती उघडावी.

९. प्लंबरला परत बोलावताना

त्याला फोनवर 'पाणी येत नाही' एवढेच सांगू नका. पहिल्या पायरीतील यादी वाचून दाखवा आणि बादलीच्या चाचणीत पाणी कुठवर आले ते सांगा. असे सांगितले की चांगला कारागीर येतानाच योग्य सामान घेऊन येतो. आपल्याच कामातील चूक दाखवली जात आहे असे वाटले की माणूस आधी नाकारतो, म्हणून काढलेला बोळा, उलटा व्हॉल्व्ह किंवा गंजाचे पापुद्रे फेकून न देता जपून ठेवा. आमचे प्लंबर तो कागदाचा बोळा पाहिल्यावर एक शब्दही न बोलता बाकीचे चारही कॉक स्वतःहून काढून तपासत बसले.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांनी मजुरीचा शेवटचा हप्ता प्रत्येक नळ चालू करून पाहिल्यानंतर देण्याचे आधीच बोलून ठेवावे. टाइल्स बसण्यापूर्वी दाबाची चाचणी पाण्याने करून घ्यावी. चिकटवलेल्या जोडांत पाणी सोडण्यापूर्वी सोल्व्हंट सिमेंटच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्यावा, संध्याकाळी पाहुणे येणार असले तरी.

१०. पाणी आल्यानंतर

पहिले पाणी पिऊ नका. नव्या पाइपातून सोल्व्हंटचा वास येतो आणि गंजही येतो; वास आणि रंग जाईपर्यंत ते बादल्यांत धरून फरशी पुसायला किंवा फ्लशला वापरा, आणि तोपर्यंत पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा फाटा बंद ठेवा, नाहीतर त्याचा पहिला फिल्टर एका दिवसात भरतो. पाणी दुधासारखे पांढरे दिसले तर ते काचेच्या पेल्यात घेऊन ठेवा. पांढरेपणा तळाकडून वर असा निवळत गेला तर ती केवळ हवा आहे. खाली काही बसले तर कचरा अजून येतो आहे.

दोन दिवसांनी सर्व जाळ्या पुन्हा एकदा काढून धुवा, कारण दुसऱ्या खेपेचा कीस तेव्हा येतो. मग ऑइल पेंटने गच्चीवरील प्रत्येक व्हॉल्व्हवर तो कोणत्या रेषेचा आहे ते लिहून टाका आणि घरातील मुख्य कॉक कुठे आहे हे घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, प्रत्यक्ष फिरवून दाखवा.